तीन इंचांची गोष्ट

मंडळी, या वीकेंडचा विषय चाकू. दचकू नका, खुनाबिनाची गोष्ट नाही. खिशात मावणारा, घडी घालता येणारा, सफरचंद कापायचा, पार्सलची पट्टी फाडायचा साधा चाकू. आपण सॉफ्टवेअरवाले उठसूट ‘लोकलायझेशन’ म्हणत असतो. म्हणजे एकच प्रॉडक्ट जपानला वेगळं, जर्मनीला वेगळं. तारखेचा फॉर्मॅट बदला, चलनाचं चिन्ह बदला, झालं काम. पण लोखंडाच्या वस्तूचं लोकलायझेशन करायची वेळ आली, आणि स्पेसिफिकेशन लिहिणारा क्लायंट म्हणजे एक संसद आणि दोन-तीन न्यायाधीश असले, तर काय होतं? एका अमेरिकन कंपनीने खास ब्रिटनसाठी एक चाकू बनवला, त्याची ही गोष्ट. पण ती नीट कळायला आधी उलट्या दिशेने जावं लागेल. कारण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे नेमकं उलटं चालायचं. इंग्लंडमध्ये बसून लोक अमेरिकेसाठी चाकू बनवत होते.

शेफील्ड हे इंग्लंडमधलं चाकूंचं गाव. आपल्याकडे पितळेची भांडी म्हटली की काही गावं आठवतात ना, तसं तिकडे पोलाद आणि धार म्हटलं की शेफील्ड. तिथल्या चाकूवाल्यांच्या संघटनेला, म्हणजे ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ला, १६२४ साली संसदेच्या कायद्याने मान्यता मिळाली. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीची गोष्ट! पात्यामागे स्प्रिंग असलेला घडीचा चाकू सतराव्या शतकात तिथे रुळला. पिसाच्या लेखणीला टोक काढायला लागायचा म्हणून त्याला ‘पेननाईफ’ म्हणायला लागले. पीस गेलं, शाई गेली, आता पेनही चाललं, पण नाव राहिलं.

या शेफील्डमध्ये एकोणिसाव्या शतकात जॉर्ज वॉस्टनहोम नावाचा कारखानदार होऊन गेला. त्याच्या मालावर ‘आय एक्स एल’ अशी खूण असायची. मोठ्याने वाचून बघा, इंग्रजीत ‘मी सरस आहे’ असं ऐकू येतं. (२००० साली कुणी डॉट कॉम काढली असती तर हेच नाव ठेवलं असतं!) या माणसाचं सगळं लक्ष अमेरिकेकडे. बोटीने पुन्हा पुन्हा तिकडे जायचा, ऑर्डरी आणायचा. शेफील्डमधल्या आपल्या कारखान्याला त्याने नाव काय द्यावं? ‘वॉशिंग्टन वर्क्स’. ज्याने इंग्रजांना हाकललं त्याचं नाव इंग्लंडमधल्या कारखान्याला. धंदा तो धंदा.

त्या काळी अमेरिकेत ‘बोवी’ चाकूचं भूत होतं. जिम बोवी नावाच्या गड्याने १८२७ साली मिसिसिपी नदीकाठच्या एका मारामारीत मोठा सुरा चालवला, त्याच्या बातम्या झाल्या. पुढे १८३६ मध्ये तो अलामोच्या लढाईत मेला आणि दंतकथा पक्की झाली. प्रत्येकाला तसला सुरा हवा. आणि तो पुरवला कुणी? बऱ्याच अंशी शेफील्डने. बोवी हा घडीचा चाकू नव्हे हे मान्य, पण दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी डिझाइन करणं म्हणजे काय हे इथे स्वच्छ दिसतं. पात्यावर अमेरिकन गरुड, देशभक्तीची वाक्यं, मुठीवर अमेरिकन चिन्हं. काही पात्यांवर तर गुलामगिरी रद्द करण्याच्या चळवळीला मरण येवो अशा अर्थाची घोषणा कोरलेली आहे. म्हणजे दक्षिणेतल्या गिऱ्हाइकाला जे आवडेल ते. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) शेफील्ड हे गुलामगिरीविरोधी चळवळीचं मोठं केंद्र होतं. तिथल्या बायका घरोघरी जाऊन वेस्ट इंडीजची साखर खाऊ नका म्हणून सांगत होत्या. आणि तिथून जवळच्याच एखाद्या गल्लीत कारागीर ती घोषणा कोरत बसलेला. त्याला ती वाचता तरी येत होती का कोण जाणे.

आणि तिकडे कायदेही सुरू झाले होते. १८३७ मध्ये अलाबामाने बोवी चाकूच्या प्रत्येक विक्रीवर शंभर डॉलर कर लावला. त्या काळचे शंभर डॉलर! १८३८ मध्ये टेनेसीने विक्रीच बंद केली. शेफील्डवाल्यांनी त्यासाठी डिझाइन बदलल्याचं मात्र दिसत नाही. त्यांनी बाजाराची आवड ओळखली, कायदा ओळखायची गरज पडली नाही. धंदा बसवला तो वेगळ्याच कायद्याने. १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफने आयात चाकूंवर एवढी जकात लादली की शेफील्डचा अमेरिकन बाजार बसला तो बसलाच.

आता शंभर वर्षं उडी मारू. विसाव्या शतकात चाकूचं भूत अटलांटिक ओलांडून इंग्लंडमध्ये आलं. १९५० च्या दशकात बटन दाबलं की सट्‌कन उघडणारा चाकू, म्हणजे फ्लिक नाईफ, पेपरांत आणि सिनेमांत गाजत होता. जेम्स डीनचा ‘रेबेल विदाऊट अ कॉज’ १९५५ चा. अमेरिकेने १९५८ मध्ये केंद्रीय कायदा केला, ब्रिटनने १९५९ मध्ये. फ्लिक नाईफ आणि ग्रॅव्हिटी नाईफ बनवायचे नाहीत, विकायचे नाहीत. (ग्रॅव्हिटी नाईफ म्हणजे मूठ खाली धरून खटका दाबला की वजनाने पातं बाहेर येतं तो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छत्रीधारी सैनिकांकडे असायचा. एक हात दोऱ्यात अडकला तर दुसऱ्या हाताने उघडता यावा म्हणून.)

पण आपल्या गोष्टीतला मुख्य कायदा आहे १९८८ चा क्रिमिनल जस्टिस ॲक्ट, कलम १३९. हे कलम वाचताना मला कुणीतरी नीट विचार करून लिहिलेला कोड वाचल्यासारखं वाटलं, निदान पहिल्यांदा. सार्वजनिक जागी धारदार किंवा टोकदार वस्तू जवळ बाळगणं हा गुन्हा. अपवाद: घडीचा खिशातला चाकू, ज्याच्या पात्याची धार तीन इंचांपेक्षा जास्त नाही. लक्ष द्या, पात्याची लांबी नव्हे, धारेची लांबी. शिवाय बचाव म्हणून ‘योग्य कारण’ दाखवता येतं. काम, धर्म आणि राष्ट्रीय पोशाख ही तीन कारणं कलमातच लिहिली आहेत. म्हणून शिखांचं कृपाण आणि स्कॉटिश माणसाच्या मोज्यातला सुरा, दोन्ही बसतात.

मग अडचण कुठे आली? ‘घडीचा खिशातला चाकू’ या तीन शब्दांत. कायद्यात त्याची व्याख्याच नाही! आपल्याकडे रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये ‘युजर-फ्रेंडली’ लिहून मोकळे होतात तसं. सगळ्यांना माहीतच आहे, मग लिहायचं कशाला?

इथे थोडं यंत्र समजून घेऊ. पूर्वापार चालत आलेला घडीचा चाकू, म्हणजे शेफील्डवाला, त्याला स्लिपजॉइंट म्हणतात. मुठीच्या पाठीला एक पोलादी पट्टी असते, तीच स्प्रिंग. पात्याचं बूड त्या पट्टीवर टेकलेलं. पातं उघडलं की बुडाची सपाट बाजू पट्टीवर बसते आणि दाबामुळे पातं उघडं राहतं. पुरेसा जोर लावला की परत मिटतं. म्हणजे तिथे कुलूप नाही, नुसता अडसर आहे. लाकडात भोक पाडायला चाकूचं टोक दाबलंत आणि हात जरा वाकडा झाला, तर पातं थेट तुमच्या बोटांवर मिटतं. आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या तर्जनीवर हा व्रण असायचा.

लॉक नाईफमध्ये ही भानगड नाही. पातं उघडलं की एक खटका खाचेत पडतो. तो दाबल्याशिवाय पातं मिटतच नाही. अमेरिकेत बक कंपनीने १९६४ च्या सुमारास ‘११०’ नावाचा असा चाकू काढला. तो शिकाऱ्यांपासून सुतारांपर्यंत सगळ्यांच्या पट्ट्याला लटकला, आणि लॉक म्हणजे सुरक्षितता हे समीकरण तिथे पक्कं झालं. कुणाची सुरक्षितता? तर वापरणाऱ्याच्या बोटांची.

आता इंग्लंडच्या कोर्टात प्रश्न आला. तीन इंचांपेक्षा कमी धारेचा, पण लॉक असलेला चाकू हा ‘घडीचा खिशातला चाकू’ आहे का? तुम्ही-आम्ही म्हणू, अहो घडी होते, खिशात मावतो, मग अजून काय पाहिजे? हॅरिस विरुद्ध डीपीपी (१९९३ च्या लॉ रिपोर्टमध्ये आहे) या खटल्यात न्यायाधीश म्हणाले, नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: घडीचा चाकू कुठल्याही क्षणी, नुसतं घडी घालण्याच्या क्रियेने, लगेच मिटता आला पाहिजे. इथे उघडल्यानंतर एक अवस्था अशी येते की तो तसा मिटत नाही. आधी बटन दाबायचं, मग मिटवायचं. ही जादा पायरी आली, म्हणजे तो घडीचा चाकू राहिला नाही.

मी हे दोनदा वाचलं. छत्रीलासुद्धा बटन असतं हो. म्हणून काय ती घडीची छत्री नाही?

१९९८ मध्ये डीगन या खटल्यात हाच मुद्दा वरच्या कोर्टात गेला. आरोपीच्या वकिलांनी संसदेतल्या चर्चेचे कागद पुढे केले. कायदा करणाऱ्यांच्या मनात लॉक असलेले चाकूही अपवादात होते, हे त्यातून दाखवायचं होतं. (कायदा संदिग्ध असेल तर संसदेतली भाषणं बघता येतात, ही मुभा १९९२ च्या पेपर विरुद्ध हार्ट या प्रसिद्ध निकालाने नुकतीच मिळाली होती.) कोर्टाने म्हटलं, ती भाषणं पुरेशी स्पष्ट नाहीत, हॅरिसचा निकाल कायम. म्हणजे डेव्हलपरच्या मनात काय होतं ते सोडा, कंपायलरने जे वाचलं ते खरं.

हा काही शब्दांचा खेळ नाही, हे लक्षात यायला शिक्षेचा आलेख बघा. १९८८ मध्ये या गुन्ह्याला फक्त दंड होता. डिसेंबर १९९५ मध्ये लंडनमध्ये फिलिप लॉरेन्स नावाचे हेडमास्तर आपल्या शाळेतल्या मुलाला वाचवायला शाळेच्या फाटकाबाहेर गेले आणि भोसकले गेले. देश हादरला. १९९६ च्या कायद्याने शिक्षा दोन वर्षं कैदेपर्यंत गेली, २००६ च्या कायद्याने चार वर्षांपर्यंत. पण ‘लॉक म्हणजे घडीचा नाही’ हा निकाल दंडाच्या काळात दिलेला होता. निकाल तोच राहिला, त्याची किंमत वाढत गेली. आणि योग्य कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. ग्रेगसन नावाच्या खटल्यातला माणूस सहा दिवसांपूर्वी कामासाठी चाकू घेऊन गेला होता आणि तो खिशात आहे हे विसरला होता. कोर्ट म्हणालं, विसरणं हे योग्य कारण नाही. (पुढच्या निकालांनी यात थोडी ढील दिली, पण थोडीच.) आपल्यापैकी कितीजणांच्या लॅपटॉप बॅगेच्या तळाशी काय काय असतं ते आठवून बघा बरं.

तर अशी ही रिक्वायरमेंट. धार तीन इंचांच्या आत. लॉक नको. बटन नको. झटका देऊन उघडणारा नको. आता चाकू बनवा.

इथे आपल्या गोष्टीत सॅल ग्लेसर येतात. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात गोल्डन नावाचं गाव आहे. तिथे त्यांची आणि त्यांच्या बायकोची, गेल यांची, स्पायडरको ही कंपनी. दोघांनी १९७० च्या दशकात पावाची जुनी गाडी घर म्हणून वापरत जत्रा-प्रदर्शनांतून माल विकत सुरुवात केली. आधी छोटी अवजारं आणि धार लावायची साधनं. १९८१ मध्ये पहिला चाकू काढला, ‘वर्कर’. त्यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे खिशाच्या काठाला अडकवायची क्लिप. दुसरं म्हणजे पात्यालाच एक गोल भोक, ज्यात अंगठा टेकवून चाकू एका हाताने उघडता येतो. आज अर्ध्या जगाच्या चाकूंवर या दोन कल्पनांची छाप आहे. आणि या कंपनीचे जवळजवळ सगळे चाकू लॉकवाले! म्हणजे ब्रिटनच्या रस्त्यावर खिशात ठेवायला बंदी असलेले.

ग्लेसरांनी २००४ च्या सुमारास जो चाकू काढला त्याच्या नावातच देश होता: ‘यूके पेननाईफ’. गंमत बघा, नाव कुठलं उचललं? तेच शेफील्डचं, पिसाच्या लेखणीचं.

सोपा मार्ग होता. आपलाच एक चाकू घ्यायचा, लॉक काढायचं, पातं आखूड करायचं, विकायचा. आमच्या धंद्यात याला ‘फीचर डिसेबल करून शिप करणं’ म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा तसंच वाईट दिसतं. कारण लॉक ही शोभा नव्हती, ते बोट वाचवत होतं. ते काढलं तर बोट वाचवायचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. ते त्यांनी दिलं पात्यालाच. कसं? पात्याच्या बुडाशी, धार सुरू व्हायच्या आधी, तर्जनी बसेल अशी एक अर्धगोल खाच. ही खाच बिनधारेची. तिचा अर्धा भाग मुठीत, अर्धा पात्यात. चाकू धरला की बोट आपोआप तिथे जातं. आता टोक अडकून पातं मिटायला लागलंच, तर बोटावर येऊन आदळतं ते धारेचं पोलाद नाही, ही बोथट खाच. आणि पातं मिटतही नाही, कारण मध्ये बोट आहे. म्हणजे बोट हेच लॉक!

कायद्याच्या नजरेतून बघा. हे लॉक चाकूत नाहीच. टेबलावर ठेवलेला चाकू न्यायाधीशांनी उचलून दाबला तर तो नुसत्या घडीच्या क्रियेने लगेच मिटतो. हॅरिसची कसोटी पास. वापरणाऱ्याने नीट धरला की मात्र सुरक्षित.

फुकट काहीच नसतं म्हणा. खाचेने पात्याची जागा खाल्ली. पातं तीन इंचांना टेकतं, पण कापणारी धार त्याहून बरीच कमी. कायद्याने धारेला तीन इंच दिलेले असताना ते पूर्ण वापरलेले नाहीत. थोडी धार देऊन बोट विकत घेतलं, हा सौदा. स्प्रिंगचंही तसंच. मवाळ ठेवली तर पातं लगेच मिटेल, कडक ठेवली तर उघडताना नख तुटेल. पण इथे नखाचा प्रश्न नव्हता, अंगठ्याला भोक होतं. म्हणून स्प्रिंग जरा कडक ठेवता आली. एक जुनी कल्पना अचानक दुसऱ्याच कामाला आली. मला या चाकूतलं सगळ्यात आवडलेलं हेच. बाहेरून काही जोडलेलं नाही, होतं तेच वेगळं मांडलं.

पुढे काय झालं ते अजून मजेशीर. जर्मनीने २००८ मध्ये आपल्या शस्त्र कायद्यात कलम ४२अ घातलं. त्यात लॉकवर बंदी नाही, एका हाताने उघडण्यावरही नाही. दोन्ही एकत्र असतील तर मात्र खिशात बाळगायला बंदी. (शिवाय न मिटणारं बारा सेंटिमीटरहून लांब पातं नको.) म्हणजे ब्रिटनमध्ये अट होती ‘लॉक नको’, जर्मनीत ‘लॉक आणि एक-हात’ असा अँड. झोलिंगेन हे जर्मनीचं शेफील्ड. तिथल्या कंपन्यांसमोर प्रश्न पडला, तर अनेकांनी लॉक ठेवलं आणि अंगठ्याची खुंटी काढून टाकली. दोन्ही हातांनी उघडा, पण लॉक घ्या. उलट यूके पेननाईफ एका हाताने उघडतो पण लॉक नाही, म्हणून एक स्क्रूही न बदलता तो त्या कलमातही बसला. ट्रूथ टेबल मांडून बघा हवं तर. डेन्मार्कचे नियम अजून कडक. तिथल्यासाठी स्पायडरकोने पुढे दोन डॅनिश डिझायनर्सकडून ‘पिंगो’ नावाचा अजून छोटा, बिनलॉकचा चाकू करून घेतला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या हुशारीने बनवलेले चाकू, एवढे बारीक कायदे, पण भोसकणं थांबलं का? हा प्रश्न टाळून हा लेख लिहिणं मला बरोबर वाटत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०२२ ते २०२४ या काळात दर वर्षी दोनशेहून जास्त माणसं धारदार हत्याराने मारली गेली. आणि हत्यार कुठलं ते जिथे कळलं, तिथे पहिला नंबर घरातल्या स्वयंपाकघरातल्या सुरीचा. लॉक असलेल्या सव्वादोन इंची चाकूचा नाही. २००५ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलमधल्या इमर्जन्सी विभागातल्या तीन डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं होतं की लांब, टोकदार स्वयंपाकाच्या सुऱ्या विकायलाच बंदी घाला. त्यांनी दहा नावाजलेल्या शेफना विचारलं, की लांब सुरीला टोक खरंच लागतं का? अपरिहार्य आहे असं कुणी म्हटलं नाही. पेपरांनी डॉक्टरांची टर उडवली. मला मात्र त्यांचा विचार कोर्टापेक्षा सरळ वाटतो. ते रोज जखमा बघत होते आणि जखम कशाने होते ते बघून बोलत होते. खोल जखम टोकाने होते. लॉकने फार तर भोसकणाऱ्याची स्वतःची बोटं वाचतात. त्या अर्थाने बिनलॉकचा चाकू मारामारीला निकामी, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, हे मी मान्य करतो. पण मग त्याची किंमत सुतार, माळी, केबलवाला यांच्या बोटांनी चुकवायची, हे काही पटत नाही.

खरी अडचण अशी की कायद्याला माणसाचा हेतू दिसत नाही, वस्तू दिसते. मग तो वस्तूतली दिसणारी, मोजता येणारी खूण धरतो: तीन इंच, बटन, लॉक, एक हात. आणि खूण धरली की बनवणारे खुणेच्या कडेने वाट काढतात. कुणी ग्लेसरांसारखी चांगली, कुणी नुसती पळवाट. १९५९ च्या कायद्यात फ्लिक नाईफची व्याख्या होती: ‘मुठीतल्या किंवा मुठीला जोडलेल्या’ बटनाने वा स्प्रिंगने उघडणारा. मग असे चाकू निघाले ज्यात दाबायचा भाग मुठीवर नाही, पात्यावरच. पातं थोडं ढकललं की स्प्रिंग उरलेलं काम करते. पकडा आता! ६० वर्षांनी, २०१९ च्या कायद्यात, व्याख्या दुरुस्त केली. ‘मूठ’च्या जागी ‘चाकू’ हा शब्द आला, आणि अर्धवट उघड्या पात्याचाही उल्लेख आला. एवढ्या छोट्या पॅचला एवढा वेळ! २०२१ पासून तो लागू झाला, आणि असे चाकू घरात ठेवणंही गुन्हा ठरलं. ‘झोंबी-स्टाईल’ म्हणवणारे सुरे २०२४ मध्ये बंद झाले. लॉक आणि घडीची व्याख्या मात्र कुणी शिवली नाही. १९९३ पासून जशी आहे तशीच.

आपल्याकडे काय? शस्त्र नियमांत ढोबळ माप आहे: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र, पण घरकाम, शेती, कारखाना यांसाठी असलेली हत्यारं वगळून. म्हणजे आपण मापाबरोबर उपयोगही बघतो. ऐकायला शहाणपणाचं आहे. पण मग पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणारी पोरं निघाली. कोयता तर शेतीचं अवजार, उसाचं, नारळाचं. २०२३ च्या सुमारास दुकानदारांनी कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघावं अशा पोलिसांच्या सूचनांच्या बातम्या आल्या होत्या. म्हणजे वस्तू पकडता येईना म्हणून गिऱ्हाईक पकडा. मंडईत नारळवाल्याने नव्या कोयत्यासाठी आधारची झेरॉक्स काढायची. हसू येतं, पण त्या पोलिसाच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला सांगता येणार नाही.

जाता जाता स्विस नाईफबद्दल सांगायलाच हवं, कारण ऑनसाईटहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत चॉकलेटच्या खाली तो असतोच. (चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये नाही!) १८९१ मध्ये कार्ल एल्सनर यांनी स्विस लष्कराला तो पुरवायला सुरुवात केली. पातं, डबे उघडायचं, सुवा, आणि रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर. त्याच्या नेहमीच्या मॉडेलांमध्ये लॉक नाही आणि धार तीन इंचांच्या आत, म्हणून तो ब्रिटनच्या अपवादात आपोआप बसतो. १९८८ चा कायदा जणू त्याच्याकडे बघूनच लिहिलाय. तरी २००१ नंतर विमानतळांवरची विक्री कोसळली तेव्हा व्हिक्टोरिनॉक्सला मोठा फटका बसला. विमानात नेता यावं म्हणून त्यांनी पुढे ‘जेटसेटर’ नावाचं पातं नसलेलं मॉडेलही काढलं. आणि मे २०२४ मध्ये कंपनीचे प्रमुख, त्याच एल्सनर घराण्यातले कार्ल एल्सनर, म्हणाले की चाकूविषयीचे नियम जगभर वाढत चाललेत, त्यामुळे पातं नसलेली पॉकेट-हत्यारं आम्ही तयार करतोय. उदाहरण म्हणून त्यांनी इंग्लंडचं आणि काही आशियाई देशांचं नाव घेतलं. सायकलवाल्यांसाठी वगैरे काहीतरी असेल म्हणे.

ग्लेसरांनी लॉक काढलं तेव्हा त्याचं काम खाचेला दिलं होतं. पात्याचं काम कुणाला देतात ते बघायचं.